कुंडीतली भाजी : ऐकीव सल्ले आणि वस्तुस्थिती

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी मान टाकलेल्या टोमॅटोच्या रोपाचा फोटो टाकला की औषधांची रांग लागते. अंड्याची टरफलं घाला, केळ्याच्या सालीचं पाणी घाला, ताक-हिंग फवारा, एप्सम सॉल्ट आणा. कुंडीला ऊन किती तास मिळतं आणि खालच्या भोकातून पाणी बाहेर येतं का, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर कुंडीतलं निम्मंअधिक दुखणं या दोन प्रश्नांतच सापडतं. शेतातल्या झाडाला मुळं लांबवर पसरता येतात, जादा पाणी खोल झिरपून जातं, एखादी चूक जमीन पोटात घालते. कुंडीतल्या झाडाला जे काही करायचं ते पंधरा-वीस लिटर मातीतच. म्हणून शेतीतले आणि आजीच्या परसातले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

‘तळाशी विटांचे तुकडे, खडी घातली की पाणी चांगलं निचरतं’

हा सल्ला नर्सरीवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे देतात, आणि तो उलटा आहे. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खडीत शिरतं. प्रत्येक कुंडीच्या बुडाशी पाणी निथळल्यानंतरही एक चिंब थर उरतोच. खडी घातली की हा थर खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो.

खात्री करायची असेल तर भांडी घासायचा स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पाणी पुन्हा गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. मातीचंही असंच आहे : थर जितका उंच, तितका वरचा भाग मोकळा आणि हवेशीर. खडी घालून आपण तीच उंची कमी करतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

निचरा हवा असेल तर मिश्रण सुधारायला हवं. काळी माती शेतात सोनं असेल, कुंडीत ती भिजली की फुगते, वाळली की आकसून कडेने भेगा देते, आणि घातलेलं पाणी त्या भेगांतून थेट ताटलीत येतं. आपल्याला वाटतं, झाडाला पाणी मिळालं. साधारण एक भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट हे सरधोपट प्रमाण बहुतेक भाज्यांना चालतं. कोकोपीट हे खत नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवायचं. ते पाणी आणि हवा धरतं, पोषण जवळजवळ शून्य. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली मिरची हळूहळू पिवळी पडते ती त्यामुळेच. शिवाय त्यात क्षार असू शकतात, म्हणून भिजवून एकदोनदा धुऊन घेतलेलं बरं.

‘दक्षिणेची बाल्कनी म्हणजे वर्षभर ऊन’

हे वाक्य दिल्लीला किंवा त्याहून उत्तरेला बरंचसं खरं आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. मुंबईत १५ मेच्या आणि २८ जुलैच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, पुण्यात त्याच्या दोन-तीन दिवस पुढेमागे. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. म्हणजे वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत मे महिन्यात थेट ऊन जेमतेम येतं, आणि डिसेंबरात मात्र तिरपं ऊन पार दिवाणखान्यापर्यंत पोचतं. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज सहा तासांच्या आसपास थेट ऊन लागतं. तेव्हा अशा बाल्कनीत फळभाज्यांचा खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. मेथी, पालक, पुदिना, कोथिंबीर तीन-चार तासांवर भागवतात. ज्या बाल्कनीत तेवढंही नाही, तिथे खतांवर खर्च करू नये.

‘भर दुपारी पाणी घातलं तर पानं भाजतात’

पानावरचा थेंब भिंगासारखं काम करतो, असं शाळेपासून ऐकलेलं. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले : गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे भाजल्याच्या खुणा पडत नाहीत; दाट लव असलेल्या काही पानांवर, जिथे थेंब पानापासून अधांतरी राहतो, तिथे तशी शक्यता असते. सकाळी पाणी घालणं चांगलंच, कारण वाफेने कमी वाया जातं. पण दुपारी दोनला रोप कोमेजून लोंबत असेल आणि माती कोरडी असेल, तर संध्याकाळची वाट पाहण्यात शहाणपण नाही. माती ओली असूनही रोप कोमेजलेलं दिसलं तर हात आवरायचा. ते उन्हामुळे असेल, किंवा मुळं सडायला लागली असतील. ‘रोज एक तांब्या’ हा नियमच चुकीचा. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या.

‘अंड्याची टरफलं घातली की टोमॅटो काळे पडत नाहीत’

टोमॅटोच्या बुडाशी चामड्यासारखा काळा डाग पडतो, तो फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्यामुळे, हे बरोबर. पण मातीत बहुधा कॅल्शियम असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी कधी ओसंडून तर कधी तीन दिवस गायब असलं की पुरवठा तुटतो. लहान कुंडीत हे हमखास होतं, म्हणून टोमॅटोला वीस लिटरची बादली द्यावी. टरफलं विरघळायला कित्येक महिने लागतात. या हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग नाही. त्यावर एप्सम सॉल्ट ओतणं म्हणजे आगीत तेल, कारण त्यातलं जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत आडवं येतं. आणि साखर-दुधासकट चहाचा चोथा घातलात तर मुंग्या येणार. मुंग्या मावा आणि पिठ्या ढेकूण राखतात, त्यांच्या गोड चिकट्यासाठी.

कुंडीत पोषण कमी पडतं हे खरं आहे, कारण प्रत्येक निथळीबरोबर थोडं वाहून जातं. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, हा कंटाळवाणा उपाय सगळ्या टोटक्यांपेक्षा सरस.

फुलं गळली की लोक पुन्हा खताकडेच वळतात. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात; परागकण झडायला फक्त हादरा लागतो. वरच्या मजल्यावर वारा-मधमाशा कमी असतील तर सकाळी फुलांच्या घोसामागे टिचकी मारावी. मात्र मुंबईच्या एप्रिल-मेमधल्या गरम रात्रींत फळ धरतच नाही, तिथे टिचकीही हरते. काकडी-दोडक्याची गोष्ट वेगळी. नर आणि मादी फुलं स्वतंत्र, मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवायचं.

‘चार कुंड्यांनी गच्चीला काय होणार?’

चार कुंड्यांनी काही होत नाही. प्रश्न वाफ्यांचा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक फूट उंच माती भरली आणि ती भिजली, की वजन पाचशे किलोच्या आसपास जातं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ नुसार वावर असलेल्या गच्चीसाठी धरला जाणारा भार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो असतो. गणित कुणीही करावं. कोकोपीट आणि कंपोस्टचं मिश्रण वजनाला निम्म्याच्या आसपास येतं, तरी वाफे करण्याआधी इंजिनियरला विचारावंच. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरची बाग हे अशा कंपोस्टवरच्या बागेचं चांगलं उदाहरण. तिथे ओला कचरा आणि वाळका पालापाचोळा कुजवून भाज्या-फळझाडं वाढवली. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या की खाली पाणी साचत नाही. गळतीचं भांडण बहुतेक वेळा त्या साचलेल्या पाण्यावरूनच होतं.

‘स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी बियांपासून सहज येतात’

ऑनलाइन मिळणाऱ्या निळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया ही शुद्ध फसवणूक आहे. निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही. लाल स्ट्रॉबेरी बियांपासून येते, पण फार सावकाश, आणि रोप मूळ जातीसारखं निघत नाही. महाबळेश्वर-पाचगणीचे शेतकरी रनरपासून, म्हणजे रोपाच्या जमिनीवर पसरणाऱ्या धुमाऱ्यांपासून, तयार केलेली रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावतात, आपणही तीच आणावीत. मुळं उथळ असतात, सहा-आठ इंच खोली पुरते. रोपाचा मधला कोंब मातीत गाडला तर कुजतो, उघडा फार राहिला तर वाळतो. मातीच्या पातळीलाच हवा. दिवस लहान आणि रात्री थंड असतात तोवर ते फुलतं. पुण्या-नाशकात चांगली फळं मिळतात, मुंबईत मोजकीच. एप्रिलमध्ये रोपाने मान टाकली तर हळहळू नये, ते एका हंगामाचं पीक समजावं.

ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामूची आम्लधर्मी माती हवी, आणि कमी थंडीच्या बहुतेक जातींनाही ७ अंशांखालचे शे-दोनशे तास लागतात. मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेची आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंश आहे, जानेवारी १९६२ मधली. मुंबईकरांनी पैसे वाचवावेत.

त्यापेक्षा तुती लावा. पेन्सिलीएवढी फांदी पावसाळ्यात खोचली तरी जगते, पंधरा इंची कुंडीत वर्षानुवर्षं राहते. तिला फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणी करून पानं काढून टाकली की कोवळ्या फुटव्याबरोबरच फळं दिसू लागतात. कागदी आवरणातली रसभरीही सोपी; ती टोमॅटोच्याच कुळातली, तेव्हा निगा तीच. तुतीवर मात्र जाळी टाका, नाहीतर पिकलेलं पहिलं फळ बुलबुल नेतात.