‘धोका टळला’, पण कुणाचा?



१६ मे २०२१ चा रविवार आपल्यापैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. तौक्ते गोव्याच्या पश्चिमेकडून वर सरकत होतं. वीज गेलेली, झाडं आडवी, रस्ते बंद. जेटीवर आम्ही दहा-बारा जण बोटींचे दोर सांभाळत उभे होतो. एकाच्याच मोबाईलमध्ये जरा चार्ज होता आणि नेमका त्यावर बडोद्याला दिलेल्या बहिणीचा फोन आला. “दादा, कुठं आहात तुम्ही सगळे? टीव्हीवर गोवा बुडालेला दाखवतायत!” दादानं पायाखाली बघितलं. पाणी नेहमीच्या भरतीपेक्षा हातभर वर होतं, पण जेटी जागेवर होती. “बुडालो नाही गं. दोर तुटतायत, ठेव आता.” दुसऱ्या दिवशी रात्री तेच वादळ गुजरातच्या किनाऱ्याला लागलं. तेव्हा आपण तिची चौकशी करायची वेळ होती, पण आपल्याकडं अजून वीजच आलेली नव्हती.

बघा, ज्यांच्या डोक्यावर वादळ होतं त्यांचे टीव्ही बंद होते. बातम्या बघत होते ते सगळे वादळाच्या बाहेरचे. त्यांची झोप उडाली आणि आपल्याला त्यातून कामाचं काहीच कळलं नाही.

त्या आठवड्यात आपल्या जेटीवर एक वार्ताहर पोरगा आला होता. चॅनेलचं नाव सांगत नाही, त्याचा काही दोष नव्हता. वारा तोवर पडला होता, दर्या निवत चालला होता. त्यानं दोनदा शूटिंग केलं, ऑफिसला पाठवलं, आणि तिकडून फोन आला की लाटा दिसत नाहीत, दुसरी जागा शोध. मग त्यानं विचारलं, फाटलेली जाळी एका ठिकाणी गोळा करता येतील का? आमच्यातल्या एकानं सांगितलं, बाबा, ही जाळी तीन घरांची आहेत. एकत्र केली तर पंचनाम्याला कुणाची कुठली हे तूच येऊन सांगणार काय? पोरगा ओशाळला. नंतर आमच्याबरोबर चहा-पाव खाताना म्हणाला, “मला नुकसान कळतं हो, पण नुकसान हलत नाही. त्यांना हलणारं चित्र पाहिजे.” हे वाक्य आमच्या लक्षात राहिलं.

कारण न हलणारं नुकसान म्हणजे नेमकं आपलं नुकसान. त्याचा सगळ्यात मोठा धडा २०१९ च्या क्यार वादळानं दिला.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. बंदी उठून मोसम रंगात आलेला, दिवाळी तोंडावर. क्यार रत्नागिरीच्या पश्चिमेला दर्यात तयार झालं, फुगत गेलं आणि २७ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सुपर सायक्लोन झालं. अरबी समुद्रात २००७ च्या गोनूनंतरचं ते पहिलंच. मध्यभागी वारा ताशी सुमारे २४० किलोमीटर. पण ते जमिनीला लागलं नाही, ओमानच्या दिशेनं गेलं आणि दर्यातच विरलं. त्या दिवसांत गोव्याची मोठी बातमी होती ती मुरगाव बंदरातून सुटून दोना पावलाजवळ खडकावर अडकलेल्या नाफ्त्याच्या जहाजाची. ती बातमी हवीच होती, नाफ्ता सांडला असता तर आपलीच मासळी मेली असती. पण वादळाबद्दल काय? वादळ लांब गेलं तसं टीव्हीवर झळकलं: धोका टळला.

टळला म्हणे! आपल्या बोटी दोराला बांधलेल्या, खलाशी जेटीवर बसून, त्यांचा शिधा चालू, बर्फ विरघळलेला, डिझेलचे पैसे अंगावर. ज्या बोटी बाहेर होत्या त्यांनी मिळेल तिथं आसरा घेतला. कारवारच्या बैतखोलला तर इतर राज्यांतल्या बोटींचीही दाटी झाली होती. दाटीत बोट बोटीवर आदळते, फळ्या फुटतात, मशीनला मार बसतो. दर्यातल्या लाटेपेक्षा अशानं झालेलं नुकसान आम्ही जास्त मोजलंय. आणि क्यार विरतंय तोवर ३० ऑक्टोबरला लक्षद्वीपजवळ ‘महा’ उभं राहिलं. ते गुजरातपर्यंत जाऊन ७ नोव्हेंबरच्या सुमारास निवलं. म्हणजे बांगड्याच्या ऐन दिवसांत पंधरवडा गेला. दोन्ही वादळं आपल्या किनाऱ्याला लागली नाहीत, म्हणून दोन्ही वेळा ‘टळला’.

आता ज्या कुणाची होडीच मोडली त्याला काय? २०१९ साली आपत्ती मदतीच्या केंद्राच्या निकषांत पूर्ण मोडलेल्या होडीला ९,६०० रुपये आणि पूर्ण गेलेल्या जाळ्याला २,६०० रुपये धरले होते. पुढं २०२२ पासूनच्या निकषांत ते १५,००० आणि ४,००० झाले. होडी बांधून घेतलेल्या माणसाला हे आकडे वाचून हसू येईल. वाऱ्याचा आकडा दिवसभर पडद्यावर लाल अक्षरांत फिरतो. हा आकडा फिरलेला आम्ही तरी बघितला नाही. फिरला असता तर कुणीतरी कुणालातरी प्रश्न विचारला असता.

निसर्ग वादळाचीही हीच गत झाली. ३ जून २०२० ला कॅमेरे मुंबईच्या किनाऱ्यावर रांगेत उभे होते. १८९१ नंतर पहिल्यांदा, १८९१ नंतर पहिल्यांदा, असं दिवसभर ऐकलं. वादळ लागलं ते खाली रायगडात, श्रीवर्धन-दिवेआगरकडं. मुंबई वाचली आणि दुपारनंतर आवाज उतरत गेला. माडा-पोफळीच्या वाड्या झोपल्या, घरांची कौलं उडाली, आपल्या तिकडच्या सोयऱ्यांनी कितीतरी रात्री अंधारात काढल्या. जून २०२३ च्या बिपरजॉयच्या वेळी तर स्टुडिओत छत्री धरून वाऱ्यात डोलणाऱ्या निवेदिकेचा व्हिडिओ सगळ्यांनीच बघितला. आम्हीही हसलो. वादळ अजून किनाऱ्याला लागायचं होतं. ते १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ लागलं.

हसून सोडून देता आलं असतं, पण तसं होत नाही. गेल्या काही मोसमांपूर्वी ऑक्टोबरमध्ये एके दिवशी हवामान खात्याची मच्छीमारांसाठीची सूचना लागली होती. नेहमीचंच वाक्य: सोसाट्याचा वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोतात ६५, दर्यात जाऊ नये. आपल्यातलीच एक बोट गेली. तांडेल अनुभवी माणूस, तीस वर्षं दर्यात. त्याचं म्हणणं होतं, “टीव्हीवाले महाभयंकर म्हणतात तेव्हासुद्धा काही होत नाही. आज तर नुसतं ४५ म्हणतायत!” दुसऱ्या दिवशी दुपारी बोट परत आली ती नांगर घालवून, जाळं कापून टाकून, आणि एका खलाशाचा हात मोडून. लांडगा आला रे आला हे आपण पोरांना सांगतो. इथं ओरडणारा एक होता आणि लांडगा भेटला दुसऱ्यालाच.

म्हणून आकड्यांचं थोडं बोलू. टीव्हीवर दिसणारा ‘१५०चा वारा’ बहुतेक वेळा वादळाच्या मध्याजवळचा झोताचा आकडा असतो. मध्य दोनशे किलोमीटर लांब असेल तर आपल्या जेटीवर तो वारा नाही. उलट आपल्या होडीला मारणारा आकडा असतो तो साधा ४५ ते ५५ वाला. नॉटमध्ये तो २४ ते ३० होतो, झोतात ३५. ताशी ६२ किलोमीटरला वादळाला नाव मिळतं, त्याच्या आधी ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र किंवा डिप्रेशन असतं. नाव नाही म्हणजे बातमी नाही. पण आउटबोर्डवाल्या होडीला उलटायला नावाची गरज लागत नाही.

बावट्याचंही तसंच. ‘तीन नंबरचा बावटा’ लागला की चॅनेलवर शेवटचा दिवस आल्यासारखं संगीत वाजतं. तीन नंबर म्हणजे या बंदरावर सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता. धोक्याचे बावटे पाचपासून सुरू होतात, महाधोक्याचे आठपासून, आणि अकरा म्हणजे संपर्कच तुटला. तीनला मोठं जहाज आपलं काम चालू ठेवेल, लहान होडीनं मात्र जागचं हलू नये. हा फरक पडद्यावर कुणी सांगत नाही.

आणि उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही बातमीवाल्यांवर नुसता राग काढतोय असं होईल. नोव्हेंबर २०१७ च्या ओखीच्या वेळी आवाज कमी पडला होता. एका दिवसाच्या आत डिप्रेशनचं चक्रीवादळ झालं. कन्याकुमारी आणि केरळचे कितीतरी मच्छीमार आधीच लांब दर्यात होते, मोबाईलच्या पल्ल्याबाहेर. सूचना पोचली नाही. शेकडो माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. कितीतरी बोटी वाहत, झगडत वर देवगडपर्यंत आसऱ्याला आल्या. त्या खलाशांना कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, ओरडा, हवं तेवढं ओरडा, पण वेळेवर आणि आमच्यापर्यंत पोचेल असं.

आता आमचीच एक चूक. तौक्तेच्या रात्री आमच्यातल्या एकानं आपल्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: लाटेनं जेटी फोडली, बोटी उलट्या. खाली लिहिलं होतं, शेजारचं बंदर. आम्ही खात्री न करता पुढं पाठवला. तो व्हिडिओ आपल्या किनाऱ्याचा नव्हताच, जुनाही होता. आपल्या बोटींवर ओडिशा-झारखंडची पोरं असतात. त्यातल्या एकाच्या गावी तो पोचला आणि दोन दिवस फोन लागत नव्हता म्हणून घरच्यांनी आशा सोडली होती. पोरगा इथं जेटीवर झोपलेला. तिसऱ्या दिवशी बापाशी बोलताना तो जे रडला ते आम्ही समोर बसून बघितलं. चॅनेलला नावं ठेवताना ते आठवतं.

त्यानंतर ग्रुपवर एवढंच ठरलंय. वादळाच्या दिवसांत टाकायची ती हवामान खात्याची मच्छीमार सूचना आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा इशारा, तारीख-वेळेसह, जशीच्या तशी. व्हिडिओ टाकायचा तर ज्यानं स्वतः काढला त्यानंच, जागा सांगून. दर्यात अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि व्हीएचएफवर १६ नंबर. हे दोन आकडे प्रत्येक बोटीच्या केबिनमध्ये रंगानं लिहून घ्यायचे, मोबाईलमध्ये असून उपयोग नाही. घरी सांगून ठेवायचं की वादळात फोन करू नका, मेसेज टाका, चार्ज वाचतो.

नुकसान झालं तर दुरुस्तीला हात लावायच्या आधी फोटो: बोटीचा नंबर दिसेल असा एक, मोडलेल्या जागेचा जवळून एक, जाळी पसरून एक. दाटीत आदळून फुटलेल्या फळ्यांचाही काढा, तेही वादळाचंच नुकसान आहे. क्यारच्या वेळी असे फोटो आपल्याकडं फार थोड्यांचे निघाले. फोटो आणि नोंदणीची प्रत संस्थेच्या कार्यालयात आणून द्या. वहीत तारखेसह नोंद होईल. खलाशांच्या घरचे फोन नंबरही त्याच वेळी लिहून द्या, ते अजून निम्म्या बोटींचेच आलेत.