श्वेत श्वानाचा वर्ण का विटतो?

मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षात श्वानाला जेवढा मान मिळतो, तेवढा वर्षातील अन्य कोणत्याही पंधरवड्यात मिळत नसावा. चंपाषष्ठीला खंडोबारायाचे वाहन म्हणून त्याच्यापुढे भरीत-रोडग्याचा घास ठेवला जातो आणि पौर्णिमेला दत्तजन्माच्या वेळी पूजेच्या तसबिरीतून तो आपल्या घरात येऊन बसतो. श्रीदत्तप्रभूंच्या मागे उभी असलेली धेनू ही पृथ्वी आणि चरणांशी असलेले चार श्वान हे चार वेद, हा अर्थ आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो. त्या चौघांपैकी एखादा तरी चित्रकाराने बहुधा शुभ्र रंगविलेला असतो. त्या शुभ्र श्वानाविषयी, आणि विशेषतः आपल्या घरच्या वा दारच्या पांढऱ्या कुत्र्याच्या अंगावर कालांतराने उमटणाऱ्या तांबूस-पिवळ्या डागांविषयी, आज लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. सणाच्या पानावर हा विषय कोणास विजोड वाटेल; परंतु ज्याच्यापुढे आपण नैवेद्याचे पान मांडतो त्याच्या अंगाकडे डोळसपणे पाहणे हेही पूजेतच मोडते, असे आम्ही मानतो.

श्वेत श्वानाचे माहात्म्य केवळ तसबिरीतले नव्हे. छांदोग्योपनिषदाच्या पहिल्या अध्यायातील बारावा खंड ‘शौव उद्गीथ’ या नावाने प्रसिद्ध आहे. शौव म्हणजे श्वानांचा. ग्लाव मैत्रेय असेही ज्याचे नाव सांगितले आहे तो बक दाल्भ्य ऋषी स्वाध्यायासाठी गेला असता त्याच्यासमोर एक श्वेत श्वान प्रकट झाला. इतर श्वान त्याच्याभोवती जमले आणि म्हणाले, ‘आम्ही भुकेलेले आहोत, आमच्यासाठी गाऊन अन्न मिळवावे.’ त्याने त्यांना दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी त्याच जागी बोलाविले. मग ऋत्विज जसे एकमेकांना धरून चालतात तसे ते सारे ओळीने आले, खाली बसले आणि हिंकार करून अन्नासाठी देवांची प्रार्थना करू लागले. ऋषीच्या स्वाध्यायाने प्रसन्न झालेली देवता किंवा एखादा ऋषीच हे रूप घेऊन आला, असे श्रीमच्छंकराचार्यांनी भाष्यात म्हटले आहे. काही आधुनिक पंडितांना या कथेत यज्ञातील ऋत्विजांचे विडंबन दिसते. आम्हाला मात्र त्यात भुकेल्या जिवांची हाक अधिक ऐकू येते. असो.

श्रुतीने त्या श्वानाचा शुभ्र वर्ण आवर्जून सांगितला. आपल्या घरच्या पांढऱ्या कुत्र्याचा वर्ण मात्र तसाच राहत नाही. आज अनेक घरांत पांढऱ्या केसाळ जातीची कुत्री हौसेने पाळली जातात. सहा-आठ महिन्यांत त्यांच्या डोळ्यांखाली दोन तांबूस ओघळ दिसू लागतात. ओठांभोवतीचे केस विटतात. पुढचे पंजे गंज चढल्यासारखे होतात. घरात मग तर्क चालतात. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते चिखलाचा डाग, कोणी म्हणते वयच झाले.

वास्तविक कारण रक्तात आहे. रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य संपले की त्या फुटतात आणि त्यांतील रंगद्रव्याशी निगडित असा पॉर्फिरिन नावाचा पदार्थ शरीराबाहेर टाकला जातो. श्वानांमध्ये तो पित्त, मूत्र यांबरोबरच अश्रू आणि लाळ यांतूनही बाहेर पडतो. हे अश्रू वा ही लाळ एकाच जागी वारंवार झिरपत राहिली की केस तांबूस होतात, आणि ऊन लागले की तो रंग आणखी गडद होतो. काळ्या वा तपकिरी कुत्र्याच्या शरीरातही हेच घडत असते; फक्त त्याच्या अंगावर ते दिसत नाही. पांढरा श्वान अधिक रोगट असतो असे मुळीच नाही.

पॉर्फिरिन स्वतः निरुपद्रवी आहे. प्रश्न हा, की अश्रू इतके का वाहतात आणि लाळ त्या जागी का पोचते? दात येण्याच्या वयात पिलाचे डोळे काही काळ पाझरतात. ते आपोआप थांबते. परंतु मोठ्या कुत्र्याच्या एकाच डोळ्यातून पाणी येत असेल, तर डोळ्यातून नाकात जाणारी सूक्ष्म नलिका तुंबलेली असू शकते किंवा पापणीचा एखादा केस आत वळून बुबुळाला घासत असतो. असा केस दिवसरात्र टोचत राहिला तर बुबुळावर व्रण पडतो. डोळा मिचकावणे, पंजाने तोंड पुसणे, उजेडाला टाळणे ही लक्षणे दिसली की दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पंजांची कथा याहून लांब आहे. कुत्रा पंजा चाटतो तो बहुतांशी खाज सुटते म्हणून. ही खाज पिसवांची, धुळीची, गवताच्या परागांची, क्वचित अन्नातील एखाद्या पदार्थाची असते. चाटल्याने बोटांमधली जागा ओली राहते, ओलीत एक प्रकारचे किण्व वाढते, त्याने खाज आणखी वाढते आणि कुत्रा आणखी चाटतो. अशा पंजाला आंबूस-कुबट वास येतो, त्वचा तेलकट होते, नखांच्या मुळाशी तपकिरी थर बसतो. कानांतही हेच होते. तांबूस पंजा दिसल्यास तो आधी नाकाशी धरून पाहावा, ही आमची साधी सूचना आहे. किळस वाटण्याचे कारण नाही. मागच्या पायांचे व पोटाखालचे केस पिवळे पडले असतील तर तेथे बहुधा मूत्राचा संपर्क असतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण उठवत नाही म्हणून ते बिचारे ओल्यातच बसून राहते.

आता सणाच्या रंगाविषयी. जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा तेथील पांढरी कुत्री पिवळीधमक होऊन पायऱ्यांवर पहुडलेली असतात. शुद्ध हळदीचा हा रंग उन्हात हळूहळू उडून जातो. पण त्यावर कपड्यांचा साबण चोळला तर क्षाराच्या योगाने हळद लालभडक होते आणि कुत्र्याला रक्त आले की काय, अशी घरच्यांची तारांबळ उडते. भिण्याचे कारण नाही. कुंकू सिद्ध होताना हळदीचे जे होते तेच येथे झालेले असते. भिण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. हळदीत मेटॅनिल यलो या कृत्रिम रंगाची वा शिशाच्या क्षाराची भेसळ होते, शेंदुरातही शिसे असते, आणि कुत्रा आपले अंग जिभेनेच स्वच्छ करतो. त्याच्या पाठीवर आपण भक्तिभावाने जे उधळू ते संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात गेलेले असते. घरच्या हळदीचा एक टिळा त्याच्या कपाळी पुरे. नैवेद्याच्या घासातही कांदा-लसूण नसावा. चंपाषष्ठीच्या भरितात तो हटकून असतो आणि कांद्याने श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. त्याचा वाटा फोडणीपूर्वीच्या नुसत्या भाजलेल्या वांग्यातून आणि साध्या रोडग्यातून काढावा.

डाग घालविण्याचे घरगुती उपाय पाहून मात्र आमचा जीव कळवळतो. लिंबू, सोडा, नीळ, कपडे पांढरे करण्याची पूड, केसांना लावण्याचे पेरॉक्साइड यांतील एकही पदार्थ डोळ्याजवळ वा सोललेल्या त्वचेवर नेण्याजोगा नाही. काही परदेशी भुकट्या अन्नात घातल्या की अश्रूंचे डाग जातात, अशी जाहिरात होत असे. त्यांतल्या काहींत टायलोसिन नावाचे प्रतिजैविक होते, आणि २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या उत्पादकांना इशारापत्रे पाठविली. किंचित विटलेल्या केसांसाठी महिनोन्‌महिने प्रतिजैविक चारणे हा अविचारच होय.

कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने डोळ्यांखालची जागा रोज पुसावी. फिरून आल्यावर पंजे धुवावेत आणि, हे अधिक महत्त्वाचे, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत. स्नानासाठी आपला साबण वापरू नये, त्याने श्वानाची त्वचा कोरडी पडून खाज वाढते. पाणी पिण्याचे भांडे रोज घासावे. बाकी सारे पशुवैद्यावर सोपवावे.

देवळाच्या परिसरातील बेवारशी श्वानांविषयी न लिहिणे आम्हाला जमणार नाही. पांढऱ्या कुत्र्याचे केस झडून त्याची गुलाबी त्वचा लाल व खरबरीत झाली असेल तर ती बहुधा लूत असते. त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांनी ती होते. तिच्यावर यंत्राचे जळके तेल ओतण्याची रीत अजूनही काही ठिकाणी आहे. ओतणाऱ्याच्या मनात दया असते, यात शंका नाही. पण ते तेल त्वचा भाजते आणि चाटल्याने पोटात जाऊन विषासमान ठरते. लुतीवर आज गोळ्यांनी व औषधी स्नानाने उत्तम उपचार होतात. शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत आणि अनेक गावांत प्राणिमित्रांची मंडळेही आहेत. दत्तजयंतीच्या वर्गणीतून उरलेले शे-पाचशे रुपये देवळाबाहेरच्या एका श्वानाच्या औषधाला लावावेत, असे आम्ही मंडळांच्या चालकांना सुचवू इच्छितो.

उपचार सुरू झाल्यावर डाग लगेच जाईल, अशी अपेक्षा मात्र धरू नये. एकदा तांबूस झालेला केस पुन्हा पांढरा होत नाही. तो वाढून कापला जावा वा गळून पडावा लागतो. याला काही महिने लागतात. पंधरा-वीस दिवसांनी पंजावरचे केस बोटांनी विलग करून मुळाशी पाहावे. टोक तांबडे आणि मूळ दुधासारखे शुभ्र दिसले, तर चाटणे थांबले आहे. मुळापर्यंत तांबूसच दिसला, तर पशुवैद्याकडे पुन्हा जावे.