भाचीचे विषय आणि मावशीचा सल्ला

सल्ला द्यायला आपल्याला पैसे पडत नाहीत. पण घेणाऱ्याला तो कधी कधी फार महाग पडतो. गेल्या मे महिन्यात माझ्या हातून असंच होणार होतं.

माझी ताई अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. सुट्टीत ती लेकीला घेऊन आली होती. भाचीचं कॉलेजचं पहिलं वर्ष नुकतंच संपलेलं. त्याच सुमारास आमच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि रोज सकाळी फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायच्या. वॉकर धरून आजी पहिल्यांदा ओटीपर्यंत चालत गेली, त्या दिवशी भाची म्हणाली, "मावशी, मला हेच शिकायचंय."

पण तिला मानसशास्त्र हा मुख्य विषय घ्यायचा होता. तिकडे त्याला 'मेजर' म्हणतात. ताई म्हणाली, "छे! जीवशास्त्रच घे." मीही लगेच तिची री ओढली. का, ते तुम्हाला कळेलच. आपल्याकडे अकरावीत जीवशास्त्र सोडलं, की या शिक्षणाची वाट फार अवघड होते. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवं, महाराष्ट्रात नीटची परीक्षा हवी आणि मग थेट फिजिओथेरपीची पदवी. शाळेत शिकवताना मी हेच घोकत आलेय!

भाची हिरमुसली. "मावशी, रसायनात मला 'सी' मिळालाय. मेजरच जीवशास्त्र घेतलं, तर त्यातलं वरचं रसायनही करावं लागेल. असे आणखी 'सी' पडले, तर पुढे मला घेणार कोण?"

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही तिघींनी चार-पाच कॉलेजांच्या अटी नीट वाचल्या आणि माझेच डोळे उघडले.

तिकडची रीत निराळी. आधी चार वर्षांची पदवी, मग साधारण तीन वर्षांची 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी' ही पदवी आणि शेवटी परवान्याची राष्ट्रीय परीक्षा. पहिल्या पदवीचं मेजर कुठलंही चालतं! व्यायामशास्त्र, जीवशास्त्र, शरीराच्या हालचालींचं शास्त्र घेणारी मुलं पुष्कळ असतात, तशी मानसशास्त्रवालीही असतात. ठराविक विषय मात्र झालेले असावेच लागतात. बहुतेक ठिकाणी मागतात ते असे :

• शरीररचना आणि शरीरक्रिया : दोन सेमिस्टर, प्रयोगशाळेसह
• रसायन आणि भौतिक : प्रत्येकी दोन सेमिस्टर, प्रयोगांसह
• जीवशास्त्र : एक किंवा दोन सेमिस्टर
• संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र

यातले शेवटचे दोन तर मानसशास्त्राच्या मेजरमध्येच होऊन जातात. उरलेले मी कॅलेंडरच्या पाठीमागे मांडले. रसायनाचं एक सेमिस्टर झालेलं; म्हणजे राहिले सात. अर्ज चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला करायचा असतो, म्हणून मधल्या दोन वर्षांच्या चार सेमिस्टरमध्ये दोन, दोन, दोन आणि एक असे ते बसवले. पदवीला एकूण साधारण १२० क्रेडिट लागतात. हा एकेक विषय चार क्रेडिटचा धरला, तर २८ झाले. म्हणजे आवडीच्या विषयाला भरपूर जागा उरली!

तुमची भाची-पुतणी तिकडे शिकत असेल, तर तिला चार गोष्टी जरूर सांगा. एक, प्रत्येक कॉलेजची यादी थोडी वेगळी असते, म्हणून मनातल्या कॉलेजांच्या याद्या पहिल्या वर्षीच शेजारी शेजारी मांडून बघाव्यात. दोन, विज्ञानाचा सोपा, बिगर-विज्ञान मुलांसाठीचा कोर्स पुष्कळ ठिकाणी धरत नाहीत. नाव सारखं दिसलं तरी फसू नये. तीन, या विषयांतले गुण वेगळे काढून पाहतात, तेव्हा जिथे मन लागतं आणि गुण चांगले पडतात, असं मेजर घेणंच शहाणपणाचं. चार, फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली बसून काम पाहिल्याचे तास बऱ्याच ठिकाणी मागतात. ते सुट्टीत उरकावेत आणि त्यांची नोंद ठेवावी.

इकडे पदवी घेऊन लग्नानंतर तिकडे जाणाऱ्या मुलींनाही एक सांगायचंय. तिथे शिक्षणाची कागदपत्रं तपासून घेतल्याशिवाय आणि परवान्याची परीक्षा दिल्याशिवाय काम करता येत नाही. म्हणून गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाच्या प्रती निघण्यापूर्वीच कॉलेजातून घेऊन ठेवाव्यात.

ताईला पटायला दोन दिवस लागले. "पण लोकांना सांगू काय, मानसशास्त्र म्हणून?" असं ती पुटपुटत होती. तेव्हा पलंगावरून आई म्हणाली, "अगं, त्या बाईंनी आधी माझी भीती घालवली, मग पाय उचलायला लावला. ते मानसशास्त्र नाही तर काय?"

भाचीनं मानसशास्त्रच घेतलं. दिवाळीत फोन आला, रसायनाच्या चाचणीत तिला 'बी' मिळाला होता. कॅलेंडरचं ते पान तिच्या टेबलासमोर चिकटवलेलं आहे म्हणे.