राक्षसाच्या बाजूने
अँड्र्यू जोसेफ व्हाइट यांच्या भयकथा आणि ऑटिस्टिक माणसांचं जगणं

सायलस बेल सोळा वर्षांचा आहे. शहर लंडन, साल १८८३. घरच्यांच्या लेखी तो मुलगी आहे, लग्नाला आलेली आणि जराशी ‘विचित्र’. ती ताळ्यावर यावी म्हणून शिकवण्या लावल्या जातात. हात फडफडवायचे नाहीत. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. विचारलं की लगेच उत्तर द्यायचं. चुकलं की शिक्षा. सायलस हे सगळं शिकतो, पण त्याच्या छातीत एक ससा कायमचा मुक्कामाला येतो. माणसांत वावरताना हा ससा आतून धडका देत राहतो. आजूबाजूच्या लोकांना मात्र समोर एक शहाणी, शांत मुलगी दिसते.

अँड्र्यू जोसेफ व्हाइट यांच्या ‘द स्पिरिट बेअर्स इट्स टीथ’ (२०२३) या कादंबरीचा हा नायक. या काल्पनिक इंग्लंडमध्ये जांभळ्या डोळ्यांची माणसं मृतात्म्यांशी बोलू शकतात. मान मात्र पुरुषांनाच. जांभळ्या डोळ्यांच्या बायकांना या कामाला बंदी आहे. ज्या ऐकत नाहीत, त्यांना एक खास आजार जडला आहे असं वैद्यकशास्त्र जाहीर करतं. सायलसचा पळून जाण्याचा बेत फसतो आणि त्याची रवानगी होते ब्रॅक्स्टन्स नावाच्या संस्थेत. आजारी मुलींचं रुग्णालय आणि आज्ञाधारक बायका घडवणारी शाळा, दोन्ही एकाच छपराखाली. तिथल्या काही मुली बेपत्ता आहेत, आणि त्यांचे आत्मे सायलसकडे मदत मागू लागतात.

भयकथेच्या रूढ गणितात भुतं त्रास देतात आणि डॉक्टर, पाद्री, शिक्षक सोडवायला येतात. इथे भुतं न्याय मागतात आणि अंगावर काटा येतो तो शिक्षकांमुळे. व्हाइट यांच्या सगळ्या लेखनाचं मर्म या उलटापालटीत आहे.

लेखक आणि त्यांची माणसं

व्हाइट अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, ट्रान्स आहेत, आणि दोन्ही गोष्टी उघडपणे सांगतात. लहानपणी राक्षसांवर आपला जीव जडला होता आणि आपणही राक्षस व्हावं असं वाटायचं, असं ते स्वतःच्या परिचयात लिहितात. ‘हेल फॉलोड विथ अस’ (२०२२) ही त्यांची पहिली कादंबरी. त्यानंतर ‘द स्पिरिट बेअर्स इट्स टीथ’, ‘कंपाउंड फ्रॅक्चर’ (२०२४) आणि प्रौढ वाचकांसाठीची ‘यू वेअरन्ट मेन्ट टू बी ह्यूमन’ (२०२५). पहिल्या तिन्ही किशोरवयीन वाचकांसाठी आहेत, पण मजकूर जराही सौम्य केलेला नाही. रक्त आहे, शस्त्रक्रिया आहेत, कुजणारी शरीरं आहेत. पुस्तकात काय काय येणार आहे हे वाचकाला आधी सांगायची त्यांची पद्धत आहे, म्हणजे झेपेल त्यानेच पुढे जावं.

ऑटिस्टिक असणं आणि ट्रान्स असणं त्यांच्या पात्रांत वारंवार एकत्र येतं. काहींना हा योगायोग ओढूनताणून आणलेला वाटेल. पण २०२० साली केंब्रिजच्या संशोधकांनी सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मावेळी ठरवलेली लिंग-ओळख ज्यांना लागू पडत नाही, अशा लोकांत ऑटिझमचं प्रमाण इतरांच्या तुलनेत तीन ते सहा पट आढळलं. व्हाइट ज्यांच्याबद्दल लिहितात ती माणसं प्रत्यक्षात आहेत. साहित्यात त्यांना जागा नव्हती, एवढंच.

पाळण्यातलं परकं मूल

खरं तर भयकथेने जागा दिली होती, पण चुकीच्या बाजूला. युरोपातल्या लोककथांत पऱ्या माणसाचं बाळ पळवतात आणि त्याजागी आपलं मूल ठेवून जातात. हे बदललेलं मूल बोलत नाही, हसत नाही, जवळ घेतलं तर अंग आक्रसून घेतं. खरं बाळ परत मिळावं म्हणून परक्या मुलाला विस्तवाजवळ धरायचं, मारायचं, असे उपायही या कथांत सांगितलेले असतात. यांतली कित्येक मुलं आजच्या भाषेत ऑटिस्टिक असावीत, असं काही अभ्यासकांना वाटतं. शून्यात बघणारं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणारं भेसूर मूल पुढे सिनेमातही आलं.

विज्ञानाने नाव दिलं तरी ही कथा लगेच पुसली गेली नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि ऑटिझम हे स्वतंत्र निदान म्हणून पुढे आलं. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकात मूल असं होण्याचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं. रिकामा किल्ला, आत कुणीच नाही, ही प्रतिमा घरोघर पोचली. सिद्धांत पुढे साफ खोटा ठरला, पण एका पिढीच्या आयांनी तो अपराध वाहिला.

किल्ल्याच्या आत कुणी आहे का, या प्रश्नाला व्हाइट आतूनच उत्तर देतात. सायलसची कथा सायलसच सांगतो. कापडाचा काच, आवाजांची गर्दी, समोरच्याच्या चेहऱ्यावरून अर्थ लावताना होणारी दमछाक हे सगळं पहिल्या पानापासून वाचकाच्या अंगावर येतं. भयकथा शरीराच्या भाषेत बोलते, म्हणून या अनुभवाला ती इतकी जवळची ठरते. सायलसला शल्यचिकित्सक व्हायचं आहे. माणसांत गोंधळणारा हा मुलगा स्नायू आणि रक्तवाहिन्यांचा विषय निघाला की विलक्षण नेमका होतो. जी तन्मयता शिक्षकांना खोड वाटते, तीच ब्रॅक्स्टन्समध्ये त्याच्या कामी येते.

शांत हात

१८८३ मध्ये ऑटिझम हा शब्दच अस्तित्वात नव्हता. मग सायलसच्या शिकवण्या इतक्या ओळखीच्या का वाटतात? कारण त्या विसाव्या शतकातून मागे नेलेल्या आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठात इव्हार लोव्हास यांनी १९६० च्या दशकात ऑटिस्टिक मुलांवर वर्तन-प्रशिक्षणाचे प्रयोग सुरू केले. हवं तसं वागलं की बक्षीस, नाही वागलं की शिक्षा. ओरडणं, थपडा, काही प्रयोगांत विजेचे झटकेसुद्धा. ‘लाइफ’ मासिकाने १९६५ साली याची छायाचित्रं छापली. १९८७ च्या गाजलेल्या निबंधात लोव्हास यांनी सांगितलं की आठवड्याला चाळीस तासांच्या प्रशिक्षणानंतर १९ पैकी ९ मुलं सर्वसाधारण मुलांसारखी झाली. एबीए नावाने ही पद्धत जगभर पसरली.

याच लोव्हास यांनी १९७४ साली जॉर्ज रेकर्स यांच्यासोबत आणखी एक निबंध लिहिला. विषय होता ‘बायकी’ वागणाऱ्या एका लहान मुलाला बक्षीस आणि दुर्लक्षाच्या तंत्राने ‘पुरुषी’ करण्याचा. मोजणी करायच्या वर्तनांत हातांच्या हालचालीही होत्या. हात फडफडवणारं ऑटिस्टिक मूल आणि हात ‘नीट’ न ठेवणारा मुलगा, दोघांना एकाच तंत्राने एकाच साच्यात बसवायचं होतं. हे कळलं की सायलसच्या बाबतीत मुलगी होण्याची आणि ‘शहाणी’ होण्याची शिकवण एकत्र का येते, याचा उलगडा होतो.

अमेरिकेतल्या अनेक वर्गांत ‘शांत हात’ ही रोजची सूचना असे. ज्युलिया बास्कम या ऑटिस्टिक कार्यकर्तीने २०११ साली याच नावाचा निबंध लिहिला. हात दाबून धरणं म्हणजे आपलं बोलणंच दाबणं, हे तिने ठामपणे मांडलं. हाताची हालचाल, डुलणं, गुणगुणणं यांना आज स्टिमिंग म्हणतात. त्यातून ताण निघतो, आनंद व्यक्त होतो, मन एकाग्र होतं. ते दाबून इतरांसारखं दिसत राहणं म्हणजे मास्किंग. २०१८ साली ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात मास्किंग आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध आढळला. सायलसच्या छातीतला ससा निव्वळ कल्पनाविलास म्हणता येत नाही तो यामुळे.

मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेत मुलांच्या अंगाला बांधलेल्या यंत्रातून विजेचे झटके दिले जात. संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिनिधीने २०१३ साली त्यावर कडक टीका केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या यंत्रावर बंदी घातली, पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती उठवली. ब्रॅक्स्टन्सची भिंत वास्तवापासून फार दूर नाही.

बाकीची तीन पुस्तकं

‘हेल फॉलोड विथ अस’मध्ये एका धर्मांध पंथाने विषाणू सोडून जग संपवत आणलं आहे. पंथातून पळालेल्या बेंजीच्या शरीरात अस्त्र म्हणून एक राक्षस वाढतो आहे. त्याला आसरा देणाऱ्या मुलांचा म्होरक्या निक ऑटिस्टिक आहे. तो अबोल, रोखठोक. हाताला चाळा म्हणून मणी ओवतो. ऑटिस्टिक पात्र म्हणजे कुणीतरी सांभाळायचं माणूस, हा संकेत इथे मोडतो. संकटात सगळे निकच्या हिशेबावर जगतात.

‘कंपाउंड फ्रॅक्चर’ वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा-पट्ट्यात घडते. तिथल्या खाणकामगारांनी १९२१ मध्ये ब्लेअर माउंटनवर मालकांच्या बंदूकधाऱ्यांशी लढाई केली होती. गळ्यात लाल रुमाल बांधलेले सुमारे दहा हजार कामगार तिथे जमले होते. मायल्स या ऑटिस्टिक ट्रान्स मुलाच्या घराण्यात त्या काळातलं वैर अजून धगधगतं आहे. संपाचा पुढारी असलेल्या पूर्वजाचं भूत त्याला दिसू लागतं. मायल्सचे आईबाप, शेजारी, कामगारांचा वारसा त्याच्या पाठीशी आहेत. व्हाइट यांच्या पुस्तकांत कुटुंबाची इतकी ऊब दुसरीकडे नाही.

ती ऊब ‘यू वेअरन्ट मेन्ट टू बी ह्यूमन’मध्ये हिरावून घेतली आहे. क्रेन बोलणं बंद केलेला ऑटिस्टिक ट्रान्स पुरुष आहे. माश्या आणि अळ्यांच्या एका विचित्र समूहाने त्याला आपलं म्हटलं, आणि त्या बदल्यात तो त्यांचं सगळं ऐकतो. तो गरोदर राहतो, तेव्हा समूहाला ते मूल हवं असतं. क्रेनच्या मताला किंमत नाही. आयुष्यभर ‘सांगू तसं वाग’ ऐकलेल्या माणसाला हुकूमच आधार वाटू लागतात. मग खरा जुलूम सुरू होतो तेव्हा नाही म्हणायची सवयच उरलेली नसते. आज्ञापालन शिकवणाऱ्या प्रत्येक पद्धतीवरचा हा सगळ्यात जळजळीत आक्षेप मला वाटतो.

आक्षेप आणि आपण

व्हाइट यांच्यावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला हिंसेचा. तो खरा आहे. ही पुस्तकं कोवळ्या मनाच्या हाती देण्याची नाहीत. दुसरा पालकांचा. ज्यांचं मूल जेवण, आंघोळ, शौचासाठीही दुसऱ्यावर अवलंबून आहे, स्वतःला चावून घेतं, त्यांना सायलसची वाक्चातुर्याने भरलेली कथा आपल्या घरची वाटत नाही. ही वेदना बाजूला सारण्यासारखी नाही. एबीएची आजची अनेक केंद्रं शिक्षा वापरत नाहीत, मुलाला दात घासायला, रस्ता ओलांडायला शिकवतात, हेही सांगितलं पाहिजे. तरीही ज्याला सर्वाधिक आधाराची गरज आहे, त्याच्यावर सक्तीही सर्वाधिक होते. म्हणून व्हाइट यांचा मुद्दा त्या मुलाला जास्तच लागू होतो.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकारांत समाविष्ट झाला. मुंबई-पुण्यात थेरपी केंद्रं वाढली, त्यात एबीएची केंद्रंही आहेत. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचत मोठं झालेल्या मराठी वाचकाला भयकथेची ताकद नव्याने सांगायला नको. तीच ताकद एका उपेक्षित अनुभवाच्या बाजूने उभी राहिली की काय होतं, हे व्हाइट दाखवतात. कुणी प्रकाशक ही पुस्तकं मराठीत आणणार असेल तर ‘द स्पिरिट बेअर्स इट्स टीथ’पासून सुरुवात करावी.

स्पेशल एज्युकेटर, थेरपिस्ट, आईबाप यांनी ते जरूर वाचावं. वाचून झाल्यावर मुलाच्या थेरपीचा कागद समोर घ्यावा आणि प्रत्येक उद्दिष्टापुढे लिहावं की याने सोय कुणाची होणार. दात घासणं, दुखतंय हे सांगता येणं, नको म्हणता येणं ही मुलाची सोय आहे. हात स्थिर, नजर समोर, आवाज बंद ही आपली आहे. दुसऱ्या यादीतली उद्दिष्टं खोडून टाकायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.