नाव राखावे, वाट अडवू नये

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा जगापुढे ठेवला. त्यावर उभ्या राहिलेल्या संगणकप्रणालींचा सोर्स कोड कोणीही वाचावा, त्यात फेरफार करावेत आणि तो इतरांना द्यावा, अशी मुभा त्यांच्या परवान्यांनी दिली आहे. मात्र नाव आणि बोधचिन्ह यांना ही मुभा लागू नाही. ती व्यापारचिन्हाच्या कायद्याने राखीव राहतात. वस्तू मोकळी आणि नाव राखीव, हा विरोधाभास केवळ वरवरचा आहे. खरा प्रश्न असा, की नावाची राखण कोठे संपते आणि मक्तेदारी कोठे सुरू होते?

राखणीला सबळ कारण आहे. एकाच्या प्रणालीत दुसऱ्याने फेरफार करून ती जुन्याच नावाने खपविली, तर दोषांचे खापर मूळ कर्त्याच्या माथी फुटते आणि ग्राहकही फसतो. म्हणूनच २००६ साली मोझिलाने डेबियन या वितरणाला सांगितले, की ‘फायरफॉक्स’ हे नाव हवे असेल तर बोधचिन्हही तेच लावावे आणि फेरफारांना संमती घ्यावी. डेबियनला हे मान्य झाले नाही. त्याने तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने दिला. २०१६ मध्ये समेट होऊन जुने नाव परतले. हा वाद नावापुरताच राहिला; कोडवरील कोणाचाही हक्क हिरावला गेला नाही.

रेड हॅट या अमेरिकी कंपनीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. तिच्या प्रणालीतील नाव व चिन्हे काढून २००४ पासून ‘सेंटओएस’ हे विनामूल्य वितरण निघू लागले. मूळ प्रणालीवर चालणारा प्रोग्राम यावरही तसाच चालावा, हा त्याचा बाणा होता. पतीचे नाव न उच्चारणाऱ्या जुन्या काळच्या सुनेप्रमाणे, मूळ कंपनीचा उल्लेख ते ‘उत्तर अमेरिकेतील एक प्रमुख विक्रेता’ अशा आडवळणाने करीत असे. २०१४ मध्ये सेंटओएस हे नावच रेड हॅटच्या हाती गेले. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले, की सेंटओएस ८ ची देखभाल २०२९ ऐवजी २०२१ अखेरच थांबेल. त्यावर विसंबलेल्या संस्थांना जेमतेम वर्षाची मुदत मिळाली. परंतु नाव गेले तरी कोड उरला होता. २०२१ च्या पूर्वार्धातच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही नवी वितरणे उभी राहिली.

गूगलच्या अँड्रॉइडचाही मूळ कोड खुला आहे. ते नाव लावणाऱ्या फोनने सुसंगततेच्या चाचण्यांना उतरावे, ही अट रास्तच होय. एका फोनवर चालणारे अॅप दुसऱ्यावर अडू नये. तथापि, गूगलचे प्ले स्टोअर हवे असलेल्या उत्पादकांकडून, अमान्य अँड्रॉइडवर चालणारे एकही यंत्र विकणार नाही, असा करार लिहून घेतला जाई. नावाचा नियम येथे बाजाराचा नियम झाला. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये दंड केला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा करारांसह अन्य अटींबद्दल १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये तो कायम ठेवला.

या तीन प्रकरणांतून एक कसोटी हाती येते. वस्तूमागे कोण उभा आहे, हे ग्राहकाला सांगणारा नियम योग्य. दुसऱ्याला वेगळ्या नावानेही वस्तू करू न देणारा नियम अयोग्य. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनच्याच पायावर उभी आहे. तिने नाव स्वतःचे घेतले आणि कोड सर्वांचा वापरला. एखादी शाळा वा कचेरी फुकट प्रणाली निवडते, तेव्हा तिने किमतीइतकीच नावाच्या मालकाचीही चौकशी करावी. नावाचा मालक उद्या मन बदलू शकतो. मोकळा कोड हाती असेल, तरच पर्याय उरतो.