डाव अंगात बसायला किती दिवस?

१९६२ साली महाराष्ट्र केसरीचा फड धुळ्यात पडला. स्पर्धेचं ते दुसरंच वर्ष. आदल्या वर्षी औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले केसरी ठरले होते. धुळ्यात भगवान मोरे यांनी किताब मारला. चार वर्षांनी मान जळगावला मिळाला, तिथे दीनानाथ सिंह जिंकले. १९७७ ला चाळीसगावची पाळी आली आणि त्या वर्षी निकालच लागला नाही, किताब कुणालाच मिळाला नाही. पुढे सदतीस वर्षांनी त्याच चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी उभा राहिला आणि २०१४ ला नगर, २०१५ ला नागपूर, २०१६ ला पुण्याजवळ वारजे असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला.

ही यादी खान्देशातल्या कुस्तीवेड्यांना तोंडपाठ असते. कोण जिंकलं ते यादी सांगते. जिंकणाऱ्याला कोणता डाव पहिल्याच आठवड्यात आला, कोणता दोन वर्षं रुसून बसला, बरोबरीच्या पोरांपेक्षा तो किती झपाट्याने पुढे गेला, यातलं काहीच तिच्यात नाही. धुळ्याच्या त्या फडानंतरच्या साठाहून अधिक वर्षांत मल्लाचं वजन, उंची, छाती, दंड सगळं मोजून झालं. शिकण्याचा वेग मोजायचा मात्र राहून गेला.

पूर्वी तो मोजलाच जात नव्हता असं नाही. वस्ताद मोजत, पण डोळ्यांनी. साधा एकेरी पट घ्या. झटक्यात खाली बसून समोरच्याच्या पायात शिरायचं, पाय दोन्ही हातांच्या कवेत घ्यायचा, डोकं त्याच्या बरगडीला चिकटवायचं आणि खांद्याने रेटत त्याला मातीवर आणायचं. पहिल्या दिवशी बहुतेक पोरं गुडघ्यात वाकण्याऐवजी कमरेत वाकतात, मान खाली घालतात आणि तिथेच सापडतात. वस्ताद मानेवर थाप मारतो, पुन्हा करायला लावतो. आठवडाभरात वाकणं सुधारतं, पाय हातात यायला लागतो. पण खरी परीक्षा त्यानंतर असते. वस्ताद काहीही न सांगता बरोबरीची जोड लावून देतो आणि हौद्याच्या कडेला बसून राहतो. दम लागलेला, अंग घामाने निसटतं, समोरचा ढकलतोय, अशा वेळी पोराने आपणहून पट काढला तर डाव बसला. दाखवल्या दिवसापासून त्या दिवसापर्यंत गेलेले दिवस म्हणजे त्या पोराचा वेग. एकाला बारा दिवस लागतात, एकाला चाळीस. हा हिशेब वस्तादाच्या डोक्यात राही आणि त्याच्याबरोबरच जाई.

कागदावर उतरलेली उदाहरणं म्हणूनच मोलाची वाटतात. सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत स्वच्छ उदाहरण गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅट नवी होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे. तिथे अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवलं आणि ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत, त्याहून वरच्या बँटमवेट गटात, त्यांनी कांस्यपदक जिंकलं. लंडनची नोंद एकटी वाचली तर ती पराभवाची नोंद आहे. हेलसिंकीच्या शेजारी ठेवली की ती एका असामान्य वेगाने शिकणाऱ्या माणसाची पहिली नोंद ठरते. दोन मोजमापं असल्याशिवाय वेग दिसत नाही, हे इतकं साधं आहे.

मग १९९६ चं क्रीडा धोरण आलं, राज्यात क्रीडा प्रबोधिनी सुरू झाल्या आणि आठ ते चौदा वयाच्या मुलामुलींची निवड चाचण्यांवर होऊ लागली. उंची, वजन, तीस मीटर धाव, शटल रन, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता, आठशे मीटर धाव. ज्या गावात वशिल्याखेरीज दार उघडत नव्हतं, तिथे टेप आणि स्टॉपवॉच आले, हे पाऊल मोठंच होतं. पण या चाचण्या त्या दिवशीचं शरीर मोजतात. तीस मीटर पाच सेकंदांत पळणारं पोर सहा महिन्यांनी काय शिकलेलं असेल, हे त्या कागदावरून कळत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा पाहिल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची तिथे गर्दी दिसली. कारण वयोगटाची तारीख १ जानेवारी होती. जानेवारीतलं पोर डिसेंबरातल्या पोराहून जवळजवळ वर्षाने मोठं असूनही एकाच गटात मोजलं जाई. कुस्तीत वजनगट असले तरी बारा-तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला आणि न फुटलेला यांच्या ताकदीत केवढा फरक असतो, हे कुठल्याही तालमीत उभं राहून बघावं. लवकर वाढलेला निवडला जातो, लवकर शिकणारा घरी जातो.

गंमत म्हणजे शिकण्याचा वेग कसा मोजायचा या प्रश्नाशी सगळ्यांत चिकाटीने झुंजलेले लोक तालमीत नव्हते, संगणकासमोर होते. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये हॅट्रिक नावाचा फुटबॉल संघ चालवण्याचा ऑनलाइन खेळ सुरू झाला आणि पुढे त्याच धर्तीवर मिश्र मार्शल आर्ट्सचे खेळ आले. एमएमए टायकून त्यातला एक. या खेळांत बटणं दाबून मारामारी करायची नसते. लढवय्ये घ्यायचे, त्यांना जिममध्ये घालायचं, प्रशिक्षक निवडायचा, सराव लावायचा आणि वाट पाहायची. धुळ्यात पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात, एकवीरा देवीच्या मंदिरापासून कॉलेजांच्या रस्त्यापर्यंत, आज ज्या वयाची पोरं हातात मोबाइल घेऊन हिंडतात, त्यांना अशा खेळांची ओळख करून द्यावी लागत नाही.

खेळ लढवय्याचा शिकण्याचा वेग दाखवत नाही. तो आत दडलेला असतो. तो शोधायला खेळणाऱ्यांनी वह्या घातल्या. रीत अशी. समजा दोन नवखे आहेत, दोघंही अठराचे. दोघांना एकाच जिममध्ये, एकाच प्रशिक्षकाकडे, एकाच प्रकारच्या सरावाला बसवायचं. दोघांचं कौशल्य एकाच पायरीवर असेल असंच कौशल्य निवडायचं, कारण वरच्या पायऱ्या चढायला जास्त दिवस लागतात. खालून निघालेला उगाच हुशार वाटतो. दोघांचा थकवाही सारखा ठेवायचा. मग कोण कितव्या दिवशी पुढच्या पायरीवर गेला ते लिहायचं. एकाला सहा दिवस लागले आणि दुसऱ्याला नऊ, तर पहिला दीडपट वेगाने शिकतो. एकाच चढणीवर भरवसा न ठेवता तीन-चार चढणींची सरासरी काढायची.

वस्ताद डोळ्यांनी जे करत होता तेच हे, फक्त लिहून ठेवलेलं. शिवाय बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट मोजायची ही शिस्त तालमीत क्वचितच पाळली जाते. एक पोर पहाटे येतो, दुसरा शाळा सुटल्यावर. एकाला दूध-बदाम मिळतं, दुसऱ्याला भाकरी-ठेचा. आणि दोघांची तुलना मात्र एकाच दंगलीतल्या निकालावरून होते.

तरी खेळातली रीत जशीच्या तशी उचलणं घातक ठरेल. संगणकातला लढवय्या सूत्राने वाढतो. माणूस तसा वाढत नाही. १८९७ मध्ये विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तार खात्यातल्या शिकाऊ माणसांची प्रगती आठवड्या-आठवड्याला आलेखावर मांडली. कानावर पडणारा संदेश टिपण्याचा वेग काही काळ वाढला, मग कित्येक आठवडे जागचा हलला नाही आणि नंतर पुन्हा वर गेला. सुटी अक्षरं ओळखणारा कान अख्खे शब्द ओळखायला लागेपर्यंतचा तो थांबा होता. कुस्तीतही तेच होतं. पट, ढाक, घिस्सा सुटे सुटे येतात; पट फसला की त्यातूनच घिस्सा मारायचा, ही साखळी जुळायला महिने जातात आणि त्या महिन्यांत पोरगा थिजल्यासारखा वाटतो. चार आठवड्यांची वही पाहून त्याला घरी पाठवणारा चुकीच्या पोराला घरी पाठवेल.

दुसरी अडचण जोडीची. तालमीत दोघं रोज एकमेकांशी लढतात, दोघंही शिकतात, त्यामुळे निकाल तोच राहतो आणि कुणीच शिकत नाही असं वाटतं. बुद्धिबळाने हे कोडं केव्हाच सोडवलं. आर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये घेतली. तिच्यात नुसता विजय मोजत नाहीत, कोणावर मिळवला ते मोजतात. नव्या खेळाडूसाठी बदलाचा गुणक ४० ठेवतात आणि २४०० गुण गाठलेल्यासाठी १०, कारण नवा झपाट्याने बदलतो आणि त्याचा आकडाही तसाच हलायला हवा. खान्देशातल्या पोराला पुण्या-कोल्हापूरला का जावं लागतं, याचं उत्तर यातच आहे. इथे त्याला नवी जोड मिळत नाही, आणि जोड बदलल्याशिवाय तो किती शिकला हे त्यालाही कळत नाही.

वारजेच्या २०१६ च्या अंतिम कुस्तीत विजय चौधरीने अभिजीत कटकेला हरवलं. पुढच्या वर्षी भूगावला तोच कटके महाराष्ट्र केसरी झाला. एका वर्षाच्या अंतराने दोन मोजमापं, दोन्ही सगळ्यांत वरच्या जोडीसमोर. चौधरीचं तर आणखी लांब पाहता येतं. पोलीस उपअधीक्षक झाल्यावर, २०२३ मध्ये, कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस आणि अग्निशमन क्रीडा स्पर्धेत त्याने १२५ किलो गटात सुवर्ण मिळवलं. किताबांच्या सात वर्षांनंतर, नोकरी सांभाळून. शिकलेलं किती टिकलं याचा हा पुरावा आहे, आणि टिकणं हाही शिकण्याच्या वेगाचाच भाग आहे.

हे टिकणं मोजण्याची वाट जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिली होती. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले: निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, मध्ये काही काळ जाऊ द्यायचा आणि तेच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते पाहायचं. खान्देशासाठी ही रीत जणू घरचीच आहे. इथल्या पोरांच्या सरावाला खंड पडतोच. मृगात पेरणी, पुढे कापूस वेचणी, मार्चात परीक्षा. जळगावकडे केळीची कामं. वस्ताद या खंडांवर चिडतो. पण परतलेल्या पोराला पट पुन्हा बसायला तीन दिवस लागले की तेरा, हे लिहून ठेवलं तर त्याच खंडातून त्याचा वेग कळतो, आणि तेही एक रुपया खर्च न करता.

कुस्तीच्या आजच्या नियमांनी हे काम सोपंही केलं आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, समोरच्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. किती वेळा पट काढला आणि किती वेळा गुण मिळाले, हे कडेला बसलेलं दहा वर्षांचं पोरही रेघा मारून मोजू शकतं. २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आता मुलीही तालमीत येतील, आणि त्यांच्या शिकण्याबद्दल तर वस्तादांच्या डोळ्यांत जुना अंदाजही नाही. त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून नोंद हवी.

देवपुरातल्या आणि एकूण खान्देशातल्या तालीमचालकांना म्हणून एवढीच विनंती. येत्या हंगामात प्रत्येक पोरापोरीच्या नावाचं एक पान असलेली शंभर पानी वही घाला. पहिली नोंद मुलगा किंवा मुलगी तालमीत आली त्या दिवसाची करा, दुसरी महिन्याने, तिसरी जोड बदलल्यावर आणि चौथी कापूस वेचून परत आल्यावरच्या पहिल्या आठवड्याची. आणि वर्ष पुरं होण्याआधी त्या वहीवरून कुणालाही घरी पाठवू नका.