४२.३४ मीटरवर कोण बोलतंय?

मुंबईत एफएम रेडिओ लावला, तर अगदी शेवटाकडे कोणतं केंद्र लागतं, सांगा पाहू? १०७.१ला आकाशवाणीचं एफएम रेनबो. काटा आणखी थोडा पुढे सरकवला की १०८ येतं आणि तिथे तो अडतो. रेडिओ मोबाइलमधला असो, गाडीतला असो नाहीतर आजोबांच्या कपाटावरचा असो, सगळे १०८लाच थांबतात. मग पुढे लहरी संपल्या की काय?

छे! १०८च्या पुढे विमानांची हद्द सुरू होते. १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वैमानिकाला वाट दाखवणारे, ढगांतूनही धावपट्टीवर नेमकं उतरवणारे संदेश असतात. ११८च्या पुढे वैमानिक आणि विमानतळावरचा टॉवर यांचं बोलणं चालतं. तिथे एखादं गाणं घुसलं तर काय होईल, विचार करा! म्हणून एफएमवाल्यांनी १०८च्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे.

मेगाहर्ट्झ म्हणजे काय, ते पटकन सांगते. रेडिओलहर एका सेकंदात किती वेळा वरखाली होते, ती तिची वारंवारता. ९८.३ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९ कोटी ८३ लाख वेळा! प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा, म्हणून आपला रेडिओ त्यातलं नेमकं एकच निवडू शकतो.

आता वही घ्या आणि मुंबईतल्या तीन शेजारी केंद्रांचे आकडे लिहा: ९२.७, ९३.५, ९४.३. वजाबाकी करा. दोन्ही वेळा उत्तर ०.८ येतं ना? हे अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे. कोणतंही केंद्र आपल्या आकड्यावर काटेकोर बसत नाही, दोन्ही बाजूंना थोडं सांडतं. एकाच शहरातली दोन केंद्रं फार जवळ आणली तर रेडिओला ती वेगळी करता येत नाहीत आणि बातम्यांत गाणी मिसळतात.

पण मग मुंबईतही ९८.३ आणि पुण्यातही ९८.३ कसं चालतं? एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मुंबईच्या लहरी पुण्यापर्यंत पोचायच्या आत वाटेत सह्याद्री उभा असतो. म्हणून एकच आकडा दोन्ही शहरांना वापरता येतो, आणि भांडण होत नाही.

मध्यम लहरींवरची गंमत तर मला फार आवडते. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, पुणे ७९२वर, नागपूर ५८५वर, सांगली १२५१वर. या आकड्यांना ९ने भागून बघा. सगळ्यांना पूर्ण भाग जातो! आशिया, आफ्रिका आणि युरोपातल्या देशांनी १९७५ साली जिनिव्हात ठरवलं, की मध्यम लहरींवरची केंद्रं ९-९ किलोहर्ट्झ अंतरानं ठेवायची. अमेरिकेत हेच अंतर १० आहे, त्यामुळे तिथले आकडे शून्यानं संपतात.

देशांना असं एकत्र बसावं का लागतं? कारण सगळ्या लहरी सह्याद्रीला घाबरत नाहीत. लघुलहरी आकाशात वर जातात, शंभर-दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित हवेच्या थरावर आपटून वळतात आणि हजारो किलोमीटर दूर पुन्हा जमिनीवर उतरतात. मुंबईतून बोललेलं जपानमध्ये ऐकू येऊ शकतं. अशा लहरींना सरहद्द कसली अडवणार?

म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आहे. तो १८६५ साली स्थापन झाला, तेव्हा रेडिओ नव्हताच. तारायंत्राच्या तारा एका देशातून दुसऱ्या देशात कशा न्यायच्या, हे ठरवण्यासाठी ही मंडळी जमली होती. १९२७च्या शरद ऋतूत वॉशिंग्टनला मोठी परिषद भरली. कोणता पट्टा जहाजांना, कोणता प्रसारण केंद्रांना, कोणता हौशी लोकांना, अशी लहरींची जगासाठी वाटणी पहिल्यांदा तिथे झाली. त्याच वर्षी २३ जुलैला आपल्या मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं होतं.

त्या वाटणीत ७ ते ७.३ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशी लोकांना मिळाला. हौशी म्हणजे ‘हॅम’: घरच्या घरी प्रक्षेपक जोडून, पैसे न घेता, जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलणारे. हा पट्टा लक्षात ठेवा, कारण आता आपण गिरगावात जाणार आहोत.

८ ऑगस्ट १९४२. गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या बैठकीत ‘भारत छोडो’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजी आणि इतर पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. आता देशात काय चाललंय, ते लोकांना कळणार कसं? विल्सन कॉलेजात शिकलेली २२ वर्षांची उषा मेहता आणि तिच्या सोबत्यांनी ठरवलं, की आपण रेडिओ चालवायचा. शिकागो रेडिओ या ध्वनिक्षेपकांच्या कंपनीचे नानक मोटवानी यांनी त्यांना सामान पुरवलं. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं. भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून, ४२.३४ मीटरवर हा काँग्रेस रेडिओ बोलत आहे, असं एका मुलीच्या आवाजात ऐकू आलं.

हे ४२.३४ मीटर काय प्रकरण आहे? त्या काळी रेडिओच्या तबकडीवर वारंवारतेबरोबर लहरीची लांबीही छापलेली असे. लोकल गाडीचे दोन डबे एकामागे एक उभे केले, की जवळपास तेवढी लांब ही एक लहर! रेडिओलहर प्रकाशाच्या वेगानं जाते, सेकंदाला २९ कोटी ९७ लाख ९२ हजार ४५८ मीटर. त्याला ४२.३४नं भागा. उत्तर येईल ७० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ.

ओळखीचा वाटतोय ना आकडा? हौशी लोकांचाच पट्टा! पण १९४२ साली तिथे भारतातले हौशी नव्हते. १९३९ला महायुद्ध सुरू होताच सरकारनं त्यांचे परवाने रद्द केले आणि यंत्रं जमा करून घेतली. इतरही बऱ्याच देशांनी असंच केलं होतं. म्हणजे पट्टा जवळजवळ रिकामा पडला होता. मला वाटतं, घरगुती प्रक्षेपक जोडण्याचं ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्यांचा हात याच पट्ट्यावर बसलेला असणार.

‘भारत छोडो’च्या आंदोलनात आष्टी आणि चिमूर इथे काय घडलं, चितगावावर जपानी बॉम्ब पडले, जमशेदपूरच्या कामगारांनी संप केला, अशा दडपलेल्या बातम्या या रेडिओनं लोकांना सांगितल्या. सरकारनं मग त्याच आकड्यावर खरखर सोडायला सुरुवात केली, म्हणजे आवाज त्यात बुडावा. शिवाय पोलिसांच्या यंत्रगाड्या केंद्राचा माग काढत होत्याच.

लहर दिसत नाही, मग माग कसा काढतात? चौकटीसारखी एक अँटेना असते. ती हळूहळू फिरवली की आवाज कमी-जास्त होतो आणि एका ठरावीक कोनात तो जवळजवळ बंदच पडतो. त्या कोनावरून दिशा कळते. नकाशावर त्या दिशेनं रेघ ओढायची. मग गाडी दुसरीकडे नेऊन तिथून दुसरी रेघ ओढायची. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या आसपास प्रक्षेपक! घरीही हे थोडंफार करता येतं. मध्यम लहरींच्या छोट्या ट्रान्झिस्टरच्या आत अँटेनेची कांडी असते. त्यावर एखादं केंद्र लावा आणि ट्रान्झिस्टर सपाट टेबलावर गोल फिरवा. कुठे आवाज मंद होतो, बघा.

म्हणून उषाताई आणि मंडळींना जागा बदलत राहावं लागे. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, मणिभवन आहे त्याच लॅबर्नम रोडवरचं अजित व्हिला, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीचा पॅरडाइज बंगला. प्रत्येक वेळी जड यंत्र उचलायचं, अँटेना पुन्हा टांगायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना संशयही येऊ द्यायचा नाही. शेवटी त्यांच्याच एका तंत्रज्ञानं ठिकाण सांगितलं आणि १२ नोव्हेंबर १९४२ला पोलिस आत शिरले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ साली त्या सुटल्या. पुढे त्यांनी विल्सन कॉलेजातच वर्षानुवर्षं शिकवलं.

त्यांच्याकडे परवाना नव्हता, मग त्यांनी नियम मोडला का? मोडला. पण तो नियम कुणी केला होता, हेही विचारायला हवं. भारताच्या नावानं जगाच्या परिषदांत तेव्हा इंग्रज सरकारचे अधिकारी बसत. ज्यांचं आकाश, त्यांना खुर्चीच नव्हती. आज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात प्रत्येक देशाला एक मत आहे. नउरूसारख्या चिमुकल्या बेटालाही एक आणि भारतालाही एकच.

आणि ७ मेगाहर्ट्झच्या त्या पट्ट्याचं पुढे काय झालं? भांडण! प्रसारण केंद्रांनाही तो हवा होता, कारण रात्री त्यावरून फार दूरवर पोचता येतं. पुढच्या परिषदांमध्ये आपल्याकडे आणि युरोपात ७.१च्या वरचा भाग केंद्रांना गेला, अमेरिकेत मात्र तो हौशींकडेच राहिला. रात्र झाली की इकडची दांडगी केंद्रं तिकडच्या हौशींच्या कानात ओरडायची. कित्येक दशकं हे चाललं. अखेर २००३ साली जिनिव्हाला तोडगा निघाला, की केंद्रांनी ७.१ ते ७.२चा भाग सोडायचा. त्यासाठी मुदत मिळाली २९ मार्च २००९पर्यंत, कारण मोठाले प्रक्षेपक आणि अँटेना एका रात्रीत बदलता येत नाहीत. आज ७.०८वर पुन्हा हौशी लोक गप्पा मारतात. आपल्या देशात १२ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाही हॅमची परीक्षा देता येते. पास झालात तर ‘व्हीयू’नं सुरू होणारं स्वतःचं खूणनाव मिळतं!

वाटणी जागेचीच असते असं नाही, वेळेचीही असते. जुन्या जहाजांच्या बिनतारी खोलीत एक खास घड्याळ असे. त्याच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांच्या मध्ये लाल रंगाच्या पाकळ्या रंगवलेल्या असत. मिनिटकाटा लाल पाकळीत शिरला, की ५०० किलोहर्ट्झवर सगळ्या जहाजांनी गप्प बसायचं आणि कान देऊन ऐकायचं. एखादं बुडणारं जहाज क्षीण आवाजात मदत मागत असेल, तर ते गलक्यात हरवू नये म्हणून! तासातून दोनदा, जगातल्या सगळ्या समुद्रांवर. आता मदतीची हाक १५६.८ मेगाहर्ट्झवर, सोळाव्या चॅनलवर देतात. मुंबई बंदरात येणारी जहाजंही त्यावर कान ठेवून असतात.

जमिनीवरचा दाखला हवा, तर अनंत चतुर्दशीला लालबाग-परळच्या रस्त्यावर बघा. लाखो माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि फोटो काही केल्या जात नाही. मोबाइल कंपनीच्या वाट्याला लहरींचा ठरावीकच तुकडा आलेला असतो आणि तो टॉवरच्या टापूतल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. तुकडा स्वस्तही नसतो. २०२२ सालच्या लिलावात कंपन्यांनी सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या, त्याही न दिसणाऱ्या लहरींसाठी. पण त्याच गर्दीत पोलिसांच्या हातातला वॉकीटॉकी व्यवस्थित बोलत असतो. त्याचा पट्टाच वेगळा ठेवलेला आहे. हरवलेल्या मुलाचा निरोप फोटोंच्या रांगेत अडकत नाही.

काही पट्टे तर कुणीच बोलू नये म्हणून राखलेत. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झमध्ये जगात कुणालाही प्रक्षेपण करायला मनाई आहे. अवकाशातला हायड्रोजन १४२०च्या आसपास फार मंद लहर सोडतो. जुन्नर तालुक्यात खोडदला आपली ३० महाकाय तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. ती अशाच मंद लहरी ऐकते. मुंबईच्या गजबजाटात ते जमलं नसतं, म्हणून जागा डोंगरांच्या आड निवडली.

याहून शांत जागा म्हणजे चंद्राची पलीकडची बाजू. ती पृथ्वीकडे कधीच वळत नाही, त्यामुळे आपला एकही रेडिओ तिथे ऐकू जात नाही. दुर्बिणींसाठी ती शांत राखायची, असा नियम आधीच आहे. पण आता चंद्रावर यानं चाललीत, पुढे माणसंही जातील, आणि त्यांना एकमेकांशी बोलावं लागणार. त्यांना कोणते पट्टे द्यायचे आणि दुर्बिणींसाठी कोणते मोकळे सोडायचे, हा प्रश्न २०२७ साली चीनमधल्या शांघायला भरणाऱ्या दूरसंचार संघाच्या परिषदेच्या विषयांच्या यादीत आहे.